कडूबा लहानेचं दुसरं गाव

हिवरगव्हाणात पाणी यायचा दिवस असला की लोक घड्याळाकडं बघत नसत, कडूबाकडं बघत. खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल आणि तोंडात एकच शब्द, "येतंय, येतंय." गावाला आठवड्यातून एकदा नळाचं पाणी मिळायचं आणि ते सोडायचं काम कडूबा लहाने सव्वीस वर्षं करत होता. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्याच्या पदाला लांबलचक नाव होतं, ते त्याला स्वतःलाही धड सांगता यायचं नाही. गावात तो पाणीवाला कडूबा. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा लोक तसंच लिहायचे आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही, उलट बरंच वाटायचं.

टेंभुर्णीपासून सहा-सात किलोमीटरवरचं हे गाव. टेकाडावर टाकी, टाकीतून खाली आलेला मोठा पाइप आणि त्यावर चावीनं फिरवायच्या चार झडपा, गावाच्या भाषेत वॉल. पहिला बाजारगल्लीचा, दुसरा मारुती गल्लीचा, तिसरा शाळेमागच्या वस्तीचा आणि चौथा भीमनगरचा. सकाळी सहाला भरल्या टाकीवर कडूबा पहिला वॉल खोलायचा आणि चौथ्यापाशी पोचेपर्यंत दुपारचे दोन-अडीच वाजायचे. ही पाळी त्यानं ठरवलेली नव्हती. त्याच्या आधी रखमाजी नावाचा म्हातारा हे काम करायचा. काम सोडताना त्यानं चावी आणि पाळी दोन्ही एकदमच कडूबाच्या हाती दिली. "एक, दोन, तीन, चार. मधी डोकं लावायचं न्हाई," असं तो म्हणाला होता. कडूबा आज्ञाधारक माणूस. त्यानं लावलं नाही.

माणूस मनानं चांगला होता. कुणाकडं लग्न असलं तर त्या गल्लीला दहा मिनिटं जास्त सोडायचा, कुणाचं मयत झालं तर पाळी नसताना टाकीवरून दोन ड्रम पाठवायचा. तापात असतानाही त्यानं कधी खाडा केला नाही. फक्त एक तक्रार त्याच्या कानावर कायम यायची, भीमनगरात पाणी करंगळीएवढं येतं, निम्म्या घरांत तर नुसती हवाच सूं सूं करते. त्यावर कडूबाचं उत्तर ठरलेलं होतं. "दाब न्हाई बसत तिथं. पाइप लांबचा हाय." आणि ते खोटंही नव्हतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, तिसरा वॉल खोलताना, खड्ड्याच्या कडेचं सिमेंटचं झाकण कडूबाच्या पायाखालून सरकलं. चावीसकट तो खड्ड्यात गेला. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. जालन्याला नेलं, सळई घातली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की सहा आठवडे पाय भुईला लावायचा नाही आणि पुढचा महिनाभर काठी सोडायची नाही. दवाखान्यात पुन्हा पुन्हा दाखवायचं होतं, म्हणून त्याची मुलगी रूपाली त्याला स्वतःच्याच घरी घेऊन गेली. बायको सोनूबाई म्हशीसाठी गावी राहिली.

रूपाली जालन्यात चंदनझिऱ्याच्या बाजूला राहायची. दोन खोल्या आणि समोर तुळस ठेवण्यापुरती जागा. नवरा भारत एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये होता, त्याच्या पाळ्या बदलत्या. रूपाली एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायची. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, त्यातले किती उगवले ते मोजायचे, हे तिचं दिवसभराचं काम. पावणेसहाला ती घरी यायची, चहा टाकायची, आणि स्वयंपाकाला लागायच्या आधी अर्धा तास कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढं बसायची. लॉकडाऊनमध्ये लेकीच्या शाळेसाठी घेतलेला तो कॉम्प्युटर. शाळा पुन्हा सुरू झाली, लेक मोबाइलला लागली आणि कॉम्प्युटर रूपालीच्या वाट्याला आला. त्या अर्ध्या तासात तिला कुणी हाक मारलेली चालायची नाही. भारतसुद्धा मारायचा नाही.

कडूबा दिवाणावर पडून पंख्याची पाती मोजायचा. चार दिवसांत त्याला छताचा प्रत्येक पोपडा पाठ झाला. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यानं मान वळवून पडद्याकडं पाहिलं. तिथं हिरवं माळरान होतं आणि मुंगीएवढी माणसं लाकडं वाहत होती.

"हा पिक्चर हाय का?"

"खेळ हाय दादा. गाव वसवायचं असतं."

"कोण वसवतं?"

"मी."

कडूबा कोपरावर उठून बसला. आपली मुलगी गाव वसवते ही गोष्ट त्याला नवीन होती. रूपालीनं त्याला दाखवलं, ही घरं, हे धान्याचं कोठार, ही सुताराची जागा, हे कुंपण. जंगलातून अधूनमधून लुटारू येतात, त्यांच्यासाठी हे शिपाई. गावाचं नाव रूपनगर. कडूबानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या घरांना पाणी कुठून?"

"ही बघा ना टाकी. ओढ्यावरचं चाक पाणी चढवतं, टाकीतून पाट निघतात."

"टाकी खालच्या अंगाला काऊन बांधली?"

"तिथं जागा मोकळी होती."

कडूबानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात वरच्या बाजूच्या तीन घरांवर रिकाम्या थेंबाचं चित्र लुकलुकायला लागलं.

"हे काय?"

"त्यांना पाणी मिळून न्हाई राह्यलं. थांबा, आधी हे कोठार पुरं होऊ द्या."

"अगं, थांबा काय? ते थांबून राह्यलेत का?"

ते खरंच थांबत नव्हते. या खेळातलं घड्याळ चालूच राहायचं. तुम्ही विचार करत बसलात तरी तिथं दिवस उगवायचा, मावळायचा, लोकांना भूक लागायची, तहान लागायची. आणि फार दिवस पाणी मिळालं नाही की ते गाठोडं बांधून वेशीबाहेर चालायला लागायचे. त्या तीन घरांतली माणसं कडूबाच्या डोळ्यांदेखत गेली. एका बाईच्या कडेवर पोर होतं.

"टाकी मोड," कडूबा म्हणाला. "त्या टेकाडावर बांध. आधी टाकी, मंग गाव."

रूपालीनं वळून बापाकडं पाहिलं. लहानपणापासून तिनं त्याला असं कधी ठामपणानं बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं टाकी मोडली. टेकाडावर बांधली. पाच मिनिटांत सगळ्या घरांवरचे थेंब निळे झाले. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला आणि भारतनं मुकाट्यानं पोहे खाल्ले.

मग रूपाली कामाला जाताना कॉम्प्युटर चालू करून द्यायला लागली. खुर्चीपुढं स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर कडूबाचा पाय. सुरुवातीला माउस त्याच्या हातात राहीना. चावी फिरवून घट्टे पडलेला तो हात. माउसला तो असा रेटायचा की बाण पडद्याच्या एका कडेला जाऊन बसायचा. "हे फारच हलकं हाय," तो म्हणायचा. आठवड्यात जमलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण चित्रं बघून कळायचं. खेळातल्या माणसांवर बाण नेला की त्यांची नावं यायची, ती वाचता येत नसल्यामुळं कडूबानं त्यांना स्वतःची नावं दिली. लाल टोपीवाला लाकूडतोड्या रखमाजी. सारखा कोठाराजवळ उभा राहणारा अण्णासाहेब, कारण गावातले अण्णासाहेबही सोसायटीच्या दारात असेच उभे असत. मेंढ्या राखणारी एक बाई होती, तिचं नाव त्यानं सोनूबाई ठेवलं, पण हे रूपालीला सांगितलं नाही.

एकदा मोठी फजिती झाली. रूपाली कामावर होती आणि कडूबा एका पाटाची दिशा बदलण्यात गुंतला होता. नगारा वाजला. कडूबाला वाटलं लग्न असेल. मान वर करून बघतो तर कोठाराला आग लागलेली, लुटारू आत शिरलेले आणि शिपाई आपले वेशीजवळ जेवत बसलेले. शिपायांना उठवायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. सुताराची जागा गेली, कोठार गेलं, सहा घरं गेली. कडूबाचं त्या दिवशी जेवणावर लक्ष लागलं नाही. पावणेसहाला रूपाली आली तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"दादा, पाय दुखून राह्यला का?"

"न्हाई."

"मंग?"

"तुझं गाव जळलं," तो म्हणाला. "माझ्या हातून."

रूपालीनं पडदा बघितला आणि ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिनं त्याला शिपाई कसे उठवायचे ते शिकवलं. दोघांनी वाटणी केली, लुटारू रूपालीकडं आणि पाणी कडूबाकडं. ती संध्याकाळी आली की आधी विचारायची, "काय म्हणतं गाव?" आणि कडूबा चहा पिता पिता सगळी खबर सांगायचा. लग्न होऊन सासरी गेल्यापासून बापलेकीचं इतकं बोलणं झालेलं नव्हतं. त्याआधीही झालं नव्हतं, खरं सांगायचं तर.

मार्च संपता संपता रूपनगर मोठं झालं. डोंगराच्या पायथ्याला दगड फोडणाऱ्यांची नवी वस्ती बसली. कडूबानं तिथपर्यंत पाट नेला, त्याला झडप बसवली. आता चार वस्त्या झाल्या आणि चार झडपा. सकाळी टाकी भरली की तो जवळची झडप खोलायचा, मग पुढची, मग त्याच्या पुढची, आणि शेवटी दगडफोड्यांची. हात आपोआप त्याच ओळीनं जायचा. दोन-तीन दिवस बरं चाललं. मग त्या शेवटच्या वस्तीवर रिकामे थेंब लुकलुकायला लागले. कडूबानं पाट तपासला, कुठं फुटला नव्हता. झडप तपासली, उघडी होती. तरी थेंब रिकामेच. चौथ्या दिवशी गाठोडी बांधली गेली. तो मोजत होता. एकवीस घरं.

रूपाली आली तेव्हा शेवटची माणसं वेशीतून बाहेर पडत होती.

"ह्यांना काय झालं?" कडूबानं विचारलं. "पाट बराबर हाय, झडप बराबर हाय."

रूपालीनं एक नजर टाकली. "त्यांची पाळी येईपर्यंत टाकी रिकामी होते. तळाचं पाणी उरतं, ते कुठवर जाणार?"

"दाब न्हाई बसत तिथं," कडूबा सवयीनं म्हणाला. "लांबचा हाय."

रूपालीनं कपात चहा गाळला, त्याच्या हातात दिला आणि समोर बसली.

"दादा, सत्यशीला आठवते का तुम्हाला? माझ्या वर्गात होती. भीमनगरची."

"ती अंगणवाडीवाली?"

"ती आत्ता अंगणवाडीवाली. तेव्हा आमची शाळा दुपारची होती. पाण्याच्या दिवशी सत्यशीला शेवटच्या तासालाच यायची. घरात तीच मोठी, नळाखाली हंडा लावून बसायची. हंडा भरायला अर्धा घंटा लागायचा. गुरुजी तिला वर्गाबाहेर उभी करायचे. पूर्ण पाचवी आणि पूर्ण सहावी."

कडूबानं कप खाली ठेवला. "मला काऊन न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही ओसरीवर चावीला तेल लावत होतात. तुम्ही म्हणालात, दाब न्हाई बसत तिथं."

तिच्या आवाजात राग नव्हता. कडूबाला तो असता तर बरं झालं असतं. त्यानं पुष्कळ आठवून पाहिलं, त्याला तो दिवस आठवला नाही. तसं उत्तर त्यानं इतक्या वेळा दिलं होतं की त्यातली एक वेळ वेगळी काढणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खेळात पाळी उलटी केली. भरल्या टाकीवर आधी शेवटची झडप. पाणी दणक्यात डोंगरापर्यंत गेलं. मग तिसरी, दुसरी, आणि शेवटी टाकीच्या पायथ्याची पहिली. पहिल्या वस्तीला धार बारीक आली, पण आली. ती टाकीच्या कुशीतच होती, तळाचं पाणीही तिला पोचायचं. कडूबानं एकदा करून भागवलं नाही. तीन दिवस तेच केलं, घटकाभरसुद्धा खुर्चीवरून न उठता. एकाही घरावर थेंब रिकामा झाला नाही. दगडफोड्यांच्या वस्तीत नवी माणसं राहायला आली. सव्वीस वर्षं तो ज्या पाइपावरून चालला होता, तो पाइप त्यानं वरून पहिल्यांदा बघितला, असं त्याला वाटलं.

त्यानं संघपालला फोन लावला. कडूबा पडल्यापासून गावात पाणी सोडायचं काम संघपाल करत होता. चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, याआधी टाकीवर पंप चालवायचा. राहायला भीमनगरात.

"संघपाल, पाळी बदलायची. आधी चौथा खोलायचा, मंग तिसरा. पहिला शेवटी."

पलीकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मामा, एक बोलू? राग न्हाई ना यायचा?"

"बोल."

"चावी माझ्या हातात आली त्या दिवशी बायको म्हणली, आता तरी आपल्याकडं आधी येईल. मी म्हणलं, बिलकुल न्हाई. मामांनी लावून दिलंय तसंच. मी भीमनगरचा हाय मामा. मी माझ्या गल्लीला एक मिनिट जरी जल्दी सोडलं ना, तर बाजारगल्लीत काय बोलतील ते मला पाठ हाय. तुम्ही या. तुमच्यासमोर खोलतो."

कडूबानं फोन ठेवला आणि रूपालीला म्हणाला, "मला गावी सोड."

डॉक्टरांनी काठी घेऊन चालायची परवानगी दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी भारतनं त्याला मोटारसायकलवर नाही, टेम्पोत पुढं बसवून गावी पोचवलं. सोनूबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळला, त्याच्या पायाकडं पाहिलं आणि म्हणाली, "जाड झालात." एवढंच. पण त्या रात्री जेवणात भरलं वांगं होतं.

पाण्याचा दिवस गुरुवारी आला. सकाळी सहाला चौथ्या वॉलपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून कडूबा बसला. संघपालनं चावी लावली आणि त्याच्याकडं पाहिलं. कडूबा काठीवर उठला, त्यानंही चावीच्या दांडीला हात घातला आणि दोघांनी मिळून वॉल फिरवला. खाली पाइपातून असा आवाज आला की संघपाल एक पाऊल मागं सरला. त्या वॉलमधून असा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

अर्ध्या तासानं कडूबा काठी टेकत भीमनगरात शिरला. त्याला वाटलं होतं, नळावर गर्दी असेल. गल्ली रिकामी होती. घरांना कड्या लागलेल्या होत्या आणि नळांतून मनगटाएवढ्या धारा पडून गटारात वाहत होत्या. एका ओसरीवर एक म्हातारी बसली होती, ती एकटीच आपली कळशी भरत होती आणि वाहत्या पाण्याकडं बघून हळहळत होती.

अंगणवाडीकडून सत्यशीला झपाझप आली. हातात खाऊचा डबा, कपाळावर घाम. तिनं येता येता दोन घरांच्या नळांच्या तोट्या बंद केल्या आणि कडूबापुढं येऊन उभी राहिली.

"काका, हे आज कसं आलं?"

"पाळी बदलली."

"बदलली ते चांगलंच केलं. पण सांगायचं तरी. कांद्याची काढणी चालू हाय, सगळ्या बाया सहाला गेल्या. आमच्याकडं पाणी म्हणजे दोननंतर, एवढंच सगळ्यांना माहीत. दोनला पळत येतात, अर्धा रोज बुडवून. सव्वीस वर्षांची सवय हाय ती."

कडूबाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. खेळातली माणसं कायम घरी असायची.

"चुकलं," तो म्हणाला.

सत्यशीलानं त्याच्याकडं नीट पाहिलं. "आजचं का आधीचं?"

कडूबानं काठी सावरली. "दोन्ही."

डबा दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली, "पुढच्या वेळी आदल्या दिवशी मला फोन करा. मी सगळ्यांना निरोप देते. ग्रुपवर टाकते."

इकडं बाजारगल्लीत वेगळीच तऱ्हा. तिथं सहाला आवरून बसलेल्या बायका बाराला पण बसलेल्याच. पाणी आलं, पण वरच्या मजल्यावर चढलं नाही. माजी सरपंच अण्णासाहेबांचं घर त्याच गल्लीत. कडूबाची आणि त्यांची जुनी मैत्री, दोघं एकाच वर्षी शाळेतून पळाले होते. ते स्वतः चालत कडूबाच्या ओसरीवर आले.

"कडूबा, पाय मोडला होता का डोकं?"

"पायच अण्णासाहेब. बसून राह्यलो म्हणून डोक्याला काम लागलं."

"अरे पण आपली रीत—"

"रीत रखमाजीची हाय. त्याच्या वेळेला भीमनगरात नळ सगळ्यात शेवटी आले. मंग चौथा वॉल चौथाच राह्यला."

अण्णासाहेबांना हे ठाऊक होतं, फक्त कधी कुणी असं समोर मांडलं नव्हतं. ते म्हणाले, "हे इथं न्हाई, ग्रामसभेत बोलू."

ग्रामसभेत मंदिरापुढं दीडशे-एक माणूस जमलं. बाजारगल्लीतून एक जण उठून म्हणाला, "कडूबा जावयाकडं महिनाभर गेम खेळून आला आणि आता गावाला शिकवून राह्यला." लोक हसले. ही बातमी सोनूबाईनंच विहिरीवर सांगितली होती, त्यामुळं नाकारायची सोय नव्हती.

कडूबा काठीवर उभा राहिला. चार माणसांपुढं बोलायची त्याला सवय नव्हती.

"हो, खेळलो," तो म्हणाला. "त्या खेळात एकवीस घरं माझ्या पाळीमुळं गाव सोडून गेली. मी डोळ्यानं बघितलं. इथं कोणी गेलं न्हाई, म्हणून मला वाटलं सगळं बराबर चालू हाय. जाणार कुठं? त्यांचं दुसरं गाव हाय का?"

हसणं थांबलं. मागं बसलेल्या बायांमधून सत्यशीला उठली. तिनं भाषण केलं नाही. तिनं फक्त विचारलं, "बाजारगल्लीला एका गुरुवारी कमी आलं तर आपण ग्रामसभा घेतली. आमच्यासाठी कधी घेतली होती?"

वादावादी तासभर चालली. शेवटी अण्णासाहेबच उठले आणि म्हणाले की एक गुरुवार इकडून, एक गुरुवार तिकडून, आणि ज्याला पटत नसेल त्यानं स्वतः चावी घेऊन सहाला टेकाडावर यावं. चावी घ्यायला कुणी पुढं आलं नाही. ठराव लिहिला गेला. शेवटच्या ओळीत संघपालचं नाव घालावं असं कडूबानं सुचवलं, म्हणजे वॉल कोणत्या दिवशी कोणता खोलायचा ते त्याच्या मनाचं नाही, गावाचं आहे, हे कागदावर राहील. संघपालनं त्या कागदाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला.

सगळं काही सुधारलं असं नाही. भीमनगरचा पाइप दोन इंचीच आहे, चढावरच्या चार घरांना अजून हंडे खालून न्यावे लागतात. बाजारगल्लीत दोघा-तिघांनी कडूबाशी बोलणं टाकलं, त्यातला एक परवा परत बोलायला लागला. पण एका आड एक गुरुवारी भीमनगरातले ड्रम सकाळी आठच्या आत भरलेले असतात आणि बाया पूर्ण रोज करून संध्याकाळी घरी येतात.

जूनमध्ये पायाची शेवटची तपासणी होती. या वेळी सोनूबाई बरोबर आली. जालन्याला लेकीकडं ती दोन वर्षांत गेली नव्हती. दवाखाना उरकून दुपारी घरी आल्यावर रूपालीनं कॉम्प्युटर चालू केला, कारण कडूबा दारातून आत आल्यापासून त्या कोपऱ्याकडंच बघत होता. एवढ्या दिवसांत रूपालीनं गाव छान सांभाळलं होतं. ओढ्यावर पूल झाला होता. कडूबा सोनूबाईला एक एक दाखवायला लागला, ही टाकी, हे पाट, इथं लुटारू येतात, हे अण्णासाहेब.

सोनूबाई चष्मा नाकावर चढवून बराच वेळ बघत राहिली.

"ह्यात आपलं घर कोणतं?"

चारशे घरं बांधली होती, पण हे त्याला सुचलंच नव्हतं.

"आपलं न्हाई बांधलं अजून," तो म्हणाला.

"आणि ही मेंढ्या राखणारी कोण? ऊन किती हाय तिथं, एक झाड तरी लावायचं."

"लावू," कडूबा म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. रूपालीनं ते पाहिलं आणि ओठ दाबून चहा टाकायला आत गेली.

"गोठा कुठं करायचा?" सोनूबाईनं विचारलं.

"ह्यात म्हैस मिळत न्हाई. मेंढ्या मिळतात."

"म्हैस न्हाई आणि म्हणे गाव," ती म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढली. "सरका जरा. दाखवा मला, हे कसं धरतात?"